लिहून पोट भरतं का?

‘मला लेखक व्हायचंय’ असं मुलानं म्हटलं की घरात पहिला प्रश्न हाच येतो. ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतची बहुतेक घरं पगारावर उभी राहिली आहेत. एक तारखेला जमा होणाऱ्या रकमेवर घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया बांधलेल्या असतात. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्या आई-वडिलांवर चिडू नका, त्यांना सरळ उत्तर द्या. पोट भरतं, पण एकाच प्रकारच्या लेखनावर क्वचित भरतं. कॉमिक्स, पटकथा आणि मनोरंजन पत्रकारिता ही तिन्ही कामं जो शिकतो, त्याचं एक काम थांबलं तरी दुसरं चालू राहतं. शिवाय लिहिलेल्यावरचा हक्क जो सांभाळतो, त्याला जुनं लेखनही कमाई देतं.

आपल्याच माणसांची उदाहरणं

डोंबिवलीचे शं. ना. नवरे यांनी कथा, नाटकं, पटकथा आणि सदरं असं सगळं लिहिलं. जयवंत दळवींच्या ‘महानंदा’ कादंबरीवरून ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक त्यांनीच बेतलं. विजय तेंडुलकरांनी ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा दैनिकांत काम केलं आणि पुढे ‘मंथन’च्या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्यांच्याच पटकथांवर बनलेले ‘सिंहासन’ (1979) आणि ‘अर्धसत्य’ (1983) पाहताना सत्ता आणि पोलीसखातं जवळून न्याहाळणारी पत्रकाराची नजर जाणवते.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. रोजच्या तीन-चार चौकटींतला हा मुलगा पुस्तकांत गेला आणि 2012 मध्ये पडद्यावर आला. अंबर हडप आणि गणेश पंडित यांची ‘बीपी’ ही एकांकिका डोंबिवलीत वाढलेल्या रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ (2013) या चित्रपटाचा पाया ठरली. गोष्ट आधी एका रूपात पुरी झाली, लोकांपर्यंत पोचली आणि मगच तिला दुसरं रूप मिळालं. अर्धवट कल्पनांना ही संधी मिळत नाही.

एकच प्रसंग, तीन मसुदे

या तीन कामांत फरक काय, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला गर्दी लोटते. समजा, रांगेत आजीचा हात सुटला आणि आठ वर्षांची नात एकटी पडली.

कॉमिक्सच्या संहितेत हे चौकटींत लिहायचं. पहिली चौकट: वरून दिसणारा मंडप आणि माणसांचा समुद्र. दुसरी: नातीच्या उंचीवरून फक्त कोपरं, पदर आणि पिशव्या. तिसरी: तिचा रिकामा हात. चौथी: फुग्यात एकच शब्द, ‘आजी?’ एका चौकटीत एकच क्षण मावतो आणि चित्रकाराला जे काढता येईल तेवढंच लिहायचं असतं. संवाद लांबला की फुगा चित्र गिळतो.

पटकथेत सुरुवात होते ‘बाह्य. देवीचा मंडप. रात्र.’ अशी. इथे काळ वाहतो आणि आवाज कामाला येतो. लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलांची नावं पुकारली जातात. नात स्वतःचं नाव ऐकून दचकते, पण पुढचं आडनाव दुसऱ्याच कुणाचं असतं. ‘तिला आईची आठवण आली’ हे वाक्य पटकथेत चालत नाही, कारण ते दिसत नाही. तिनं फ्रॉकच्या खिशातला आईच्या नंबराचा कागद घट्ट धरला, हे दिसतं.

पत्रकारितेत त्या आडनावाची गंमत मनानं घालता येत नाही. तिथे स्वयंसेवकांशी बोलायचं, पोलिसांकडून आकडा घ्यायचा, मंडपाचा देखावा उभारणाऱ्या कलादिग्दर्शकाला आणि कारागिरांना गाठायचं, नावांचं शुद्धलेखन तपासायचं आणि सांगितलेल्या शब्दसंख्येत, दिलेल्या वेळेला मजकूर द्यायचा. एका रविवारी एक प्रसंग असा तिन्ही प्रकारे लिहून पाहा. आपला हात कुठे मोकळा चालतो हे तुमचं तुम्हालाच कळेल.

काम कुठे आहे?

मराठीत छापील कॉमिक्सचा बाजार लहान आहे, हे आधीच समजून घ्यावं. ‘किशोर’सारखी मासिकं, दैनिकांच्या बालपुरवण्या आणि मोजके प्रकाशक ही सुरुवातीची ठिकाणं. मात्र 1967 मध्ये सुरू झालेली ‘अमर चित्र कथा’ आणि 1980 मध्ये आलेलं ‘टिंकल’ ही दोन्ही मुंबईचीच, त्यामुळे इंग्रजी-हिंदीतही लिहिता आलं तर दारं वाढतात. ‘टिंकल’मधला सुप्पांडी एका वाचकानं पाठवलेल्या गोष्टीतून जन्मला होता.

पटकथेची सुरुवात बहुधा मालिकांतून होते. घोडबंदर रोडवर मराठी मालिकांचं चित्रीकरण चालतं. तिथे कथा, कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही कामं वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. नवखा लेखक सहसा एखाद्या संवादलेखकाचा सहायक म्हणून शिरतो. वेग जबरदस्त असतो. आज सांगितलेला प्रसंग उद्या चित्रित होऊ शकतो. एकांकिका स्पर्धा ही दुसरी वाट. ‘सवाई’ किंवा ‘लोकांकिका’मध्ये नाव झालेल्या लेखकाला निर्माते स्वतः शोधतात.

पत्रकारितेत परीक्षणाइतकीच मुलाखती, पडद्यामागच्या तंत्रज्ञांवरचे लेख आणि नाट्यवृत्त यांना मागणी असते. त्यात मराठीला दिवाळी अंकांची 1909 पासूनची परंपरा आहे. संपादकांची जुळवाजुळव पावसाळ्याआधीच सुरू होते, म्हणून विषय मे-जूनमध्येच कळवावा. एक पथ्य मात्र कडक पाळा: ज्या निर्मितीसंस्थेसाठी पटकथा लिहिता, तिच्या चित्रपटाचं परीक्षण लिहू नका. वाचकाचा विश्वास गेला की या धंद्यात काही उरत नाही.

हक्काचा कागद

1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आर. जी. आनंद यांचा खटला गाजला. आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ चित्रपट उचलला, असा त्यांचा दावा होता. न्यायालयानं तो मान्य केला नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली त्यावर असतो, हे तत्त्व त्या निकालानं पक्कं केलं. म्हणून चहाच्या टपरीवर कथा सांगत फिरण्याआधी ती पूर्ण लिहा आणि अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करा. सभासद झालात की ती ऑनलाइन करता येते.

फ्रीलान्स लेखक नोकर नसतो, त्यामुळे वेगळा करार नसेल तर त्यानं लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तोच असतो. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणारा रॉयल्टीचा वाटा लेखक निर्मात्याला देऊन टाकू शकत नाही. एवढं माहीत असलेला विद्यार्थी ‘सर्व हक्क, कायमचे’ अशी ओळ दिसली की सही करण्याआधी थांबतो आणि विचारतो. कॉमिक्सचे हक्क देताना चित्रपटाचे हक्क वेगळे राखा, आणि चित्रकार मित्राबरोबरची वाटणीही पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

पैशाचं वेळापत्रक

मालिकांच्या धंद्यात मानधन तीन-तीन महिन्यांनी हातात येणं नेहमीचं आहे. लेखाचं मानधनही उशिरा येतं. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत दुसरं काम सोडू नये. भाषांतर, उपशीर्षकं, डबिंगच्या संहिता आणि जाहिरातींचा मजकूर ही लेखकाचीच कामं आहेत, ती कमी दर्जाची समजू नका. प्रत्येक कामाचं बिल द्या आणि वहीत तारीख, रक्कम, आलेले पैसे मांडा. मोठ्या मानधनातून सहसा दहा टक्के कर (टीडीएस) आधीच कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरलंच नाही तर ती तशीच पडून राहते.

पदवी सोडू नका

कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण ती पूर्ण करा. मुंबई विद्यापीठाचा मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनचा अभ्यासक्रम ठाण्यातही शिकता येतो. पुढे पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखन आहे. पदवीच्या तीन वर्षांत हातात काय असावं ते सांगतो: आठ पानांची एक कॉमिक्स संहिता, त्यातली निदान चार पानं चित्रकाराकडून काढून घेतलेली, एक लघुपट-पटकथा आणि स्पर्धेत उभी राहिलेली एक एकांकिका, नावासह छापून आलेले सहा लेख. वाचनासाठी ठाण्याचं 1893 मधलं मराठी ग्रंथ संग्रहालय आणि कल्याणचं 1864 मधलं सार्वजनिक वाचनालय आहे. गडकरी रंगायतन तर टेंभी नाक्यावरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाटक बघा, घरी येऊन त्यातला एक प्रवेश आठवून लिहून काढा.

पालकहो, तुमच्यासाठी

‘किती कमावलंस?’ हा प्रश्न पहिली दोन वर्षं बाजूला ठेवा. त्याऐवजी दर महिन्याला विचारा, ‘या महिन्यात काय पुरं केलंस आणि कुणाला पाठवलंस?’ उत्तर ठोस असेल तर मूल योग्य मार्गावर आहे. सलग वर्षभर उत्तर टाळलं जात असेल तर नोकरीचा विचार मोकळेपणानं करा. त्यात नामुष्की नाही, कारण जयवंत दळवींसारख्या लेखकानंही अनेक वर्षं नोकरी सांभाळूनच लिहिलं. संधी देतो म्हणून लेखकाकडेच पैसे मागणाऱ्यापासून मुलांना दूर ठेवा. बैठक कुठे आणि कुणाबरोबर आहे, हे घरी माहीत असू द्या. पहिला करार आला की भावनेच्या भरात सही करू देऊ नका. दोघं मिळून ओळ न् ओळ वाचा आणि शंका असेल तिथे वकिलाला दाखवा. घरातला हा आधार ज्या मुलाला मिळतो, तो या अवघड धंद्यात टिकण्याची शक्यता खूप वाढते.