डोंगरउतारावर लहान ट्रॅक्टर चालविताना उतारमापकाचा उपयोग

कोकणातील वरकस जमिनीवर पूर्वी नाचणी आणि वरी यांपलीकडे फारसे काही घेतले जात नसे. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड १९९० पासून सुरू झाली आणि अशा पुष्कळ उतारांवर आंबा व काजू उभा राहिला. बागा वाढल्या तशी त्यांतील गवतकापणी, फवारणी आणि खतवाहतूक ही कामेही वाढली. मजूर वेळेवर मिळेनात, म्हणून १५ ते २५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर बागेत आला. सपाट शेतात हा ट्रॅक्टर मोठा गुणी आहे. डोंगरावर मात्र तो कलंडतो, आणि कलंडतो तेव्हा चालकास उडी मारावयासही सवड मिळत नाही.

अशा अपघातांची हकीकत बहुधा सारखीच असते. चालक नवखा नसतो. त्याच जागेवरून तो पूर्वी अनेकदा गेलेला असतो व त्यामुळे जागा निर्धोक आहे अशी त्याची खात्री झालेली असते. एखाद्या दिवशी गवत दवाने ओले असते, टाकी भरलेली असते, किंवा पावसाने एक घळ नवी पडलेली असते, आणि तेवढा फरक पुरेसा होतो. माणसाच्या नजरेला उताराचा अंदाज नीट येत नाही. खालून आणि वरून पाहिला असता तोच उतार वेगवेगळा वाटू शकतो. शिवाय तासन् तास आसनावर बसलेल्या चालकाचे शरीर कलास सरावते. यास्तव उतार डोळ्यांनी न ठरविता मोजून ठरविणे अगत्याचे आहे.

उतारमापक हे उपकरण साधे व स्वल्प किमतीचे आहे. नेहमीच्या प्रकारात काचेची वाकविलेली नळी असते, तीत तेलासारखा द्रव आणि एक गोळी असते. ट्रॅक्टर ज्या बाजूस कलेल त्या बाजूस गोळी घरंगळते व नळीवरील खुणांवरून किती अंश कल आहे हे कळते. काही मापकांत गोळीऐवजी हवेचा बुडबुडा असतो. तो गवंड्याच्या पाणसळीतल्याप्रमाणे उंच बाजूस जातो. दोन ट्रॅक्टरांवर दोन प्रकारचे मापक असल्यास चालकाची फसगत होण्याचा संभव असतो, म्हणून एका घरात एकच प्रकार वापरावा हे बरे. मापक पुढील पाटीवर, चाकांच्या आसाला समांतर, चालकाने मान न वळविता दिसेल असा बसवावा. हा मापक केवळ बाजूचा कल दाखवितो. पुढे-मागे होणारा कल पाहावयाचा तर दुसरा मापक ट्रॅक्टरच्या लांबीच्या दिशेने बसवावा लागतो.

मापकाचे शून्य जुळविताना बहुतेकांकडून चूक होते. रस्ता मध्यभागी उंच व कडेला उतरता असतो. गोठ्याची जमीन मूत्र वाहून जावे म्हणून मुद्दाम उतरती केलेली असते. अशा ठिकाणी जुळविलेला मापक पुढे सदैव खोटे सांगतो. याकरिता एक सोपी युक्ती आहे. दोन्ही मागच्या चाकांत हवा सारखी भरून ट्रॅक्टर त्यातल्या त्यात सपाट जागी उभा करावा, मागच्या चाकांच्या जागा चुन्याने आखाव्यात आणि गोळी कोठे आहे ते पाहावे. मग ट्रॅक्टर उलट तोंडाने फिरवून मागची चाके पुन्हा त्याच खुणांवर आणावीत. गोळी पहिल्या वेळी उजवीकडे ३ अंश व आता डावीकडे ३ अंश दाखवीत असेल तर मापक बरोबर आहे, दोष जमिनीचा. दोन्ही वेळा ती एकाच बाजूस, समजा उजवीकडे ३ अंश, राहिली तर दोष मापकाचा आहे आणि तो तितका सरकविला पाहिजे.

अंश आणि टक्के यांचा घोटाळा तर जिवावर बेतणारा आहे. मृद्‌संधारणाच्या नकाशांत व बांधबंदिस्तीच्या कामांत उतार टक्क्यांत सांगतात. ट्रॅक्टरवरील मापक बहुधा अंशांत असतो. १०० टक्के उतार म्हणजे ९० अंश नव्हे, तो ४५ अंश होय. ५ अंश म्हणजे सुमारे ९ टक्के, १० अंश म्हणजे सुमारे १८ टक्के आणि १५ अंश म्हणजे सुमारे २७ टक्के. "पंधरापर्यंत चालेल" असे कोणी तोंडी सांगितले व ऐकणाऱ्याने टक्क्यांऐवजी अंश धरले, तर तो जवळजवळ दुप्पट उतारावर ट्रॅक्टर घालील. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उतार सांगताना एकक नेहमी उच्चारावे.

आता किती अंशांवर ट्रॅक्टर उलटतो हे पाहू. मागच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर ९० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर असलेला एक लहान ट्रॅक्टर घ्या. चार पायांच्या मेजासारखा तो भक्कम उभा असता, तर सुमारे ३७ अंशांपर्यंत तो टिकला असता. परंतु ट्रॅक्टर हे मेज नव्हे. त्याचा पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर झुलता असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आधार मागची दोन चाके व पुढची ती खिळी असा त्रिकोणी असतो. गुरुत्वमध्य मागच्या आसापासून एक तृतीयांश अंतर पुढे धरला, तर तेथे त्रिकोणाची निम्मी रुंदी ४५ नव्हे, ३० सेंटिमीटरच भरते. ढोबळ हिशेबाने हा ट्रॅक्टर सुमारे २७ अंशांवरच कलंडू लागतो.

२७ अंश ऐकून कोणास धीर येईल, पण तो खोटा धीर आहे. मापक चाकांखालची आताची स्थिती सांगतो; पुढच्या हातभर जमिनीवर काय आहे ते त्यास ठाऊक नसते. १५ अंशांच्या उतारावर ट्रॅक्टर आडवा चालला असता खालचे चाक १५ सेंटिमीटर खोल खळग्यात गेले आणि त्याच क्षणी वरचे चाक ८ सेंटिमीटर उंच जांभ्याच्या दगडावर चढले, तर दोन चाकांत २३ सेंटिमीटरांचा फरक पडतो. ९० सेंटिमीटर रुंदीवर याने सुमारे १५ अंश कल वाढतो. एकूण ३० अंश झाले व ट्रॅक्टर गेला. हाच प्रसंग १० अंशांच्या उतारावर घडला तर बेरीज २५ होते आणि ट्रॅक्टर थोडक्यात वाचतो, तोही चाल मंद असेल तरच. वेगात खळग्यात आदळलेल्या ट्रॅक्टरचा झोक या हिशेबात धरलेला नाही. उंच बसविलेली टाकी किंवा वर उचललेले अवजार यामुळे गुरुत्वमध्य आणखी १० सेंटिमीटर वर गेला, तर बाकी मापे तीच धरूनही २७ चे २३ अंश होतात, व मग १० अंशांचा उतारही सुरक्षित उरत नाही. अर्धी भरलेली टाकी तर अधिक वाईट, कारण कलताच आतील पाणी खालच्या बाजूस धावते.

म्हणून आडव्या चालीसाठी रिकाम्या ट्रॅक्टरला १० अंशांवर थांबावे आणि १५ अंश कोणत्याही सबबीवर ओलांडू नयेत. निर्मात्याच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी. उंच ओझे असेल, गवत ओले असेल किंवा मुरमाचे सुटे खडे असतील, तर ५ अंशांपुढे आडवे जाऊच नये. द्राक्षबागेच्या ओळींसाठी बनविलेला अरुंद ट्रॅक्टर डोंगरावर नेणे हा तर धोका विकत घेणे होय. चाकांच्या थाळ्या उलट्या बसवून रुंदी वाढविता येत असेल तर ती वाढवावी, आणि पुस्तिकेत मुभा असल्यास मागच्या चाकांत पाणी भरावे. त्याने वजन खाली येते.

मापक वळणावरही चकवतो. ट्रॅक्टर वेगाने वळला की गोळी बाहेरच्या बाजूस फेकली जाते व आकडा खरा राहत नाही. तेवढ्यासाठी वळणापूर्वीच वेग कमी करावा. उतारावर चढाच्या दिशेने वळू नये. ट्रॅक्टर कलंडतो आहे असे वाटताच चाके उताराच्या दिशेने वळवावीत. उताराला सरळ खाली येताना चढताना लागेल तोच खालचा गिअर घालावा, क्लच दाबू नये, दोन्ही ब्रेक एकमेकांस जोडलेले असावेत. चारही चाकांना गती देण्याची सोय असल्यास ती चढताना व उतरताना चालूच ठेवावी. लहान ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच असतात, आणि तोंड खाली करून उतरताना नेमके मागच्या चाकांवरचे वजन हलके होते.

मापक अपघात टाळण्यास मदत करतो, अपघातात वाचवीत नाही. ते काम चालकाच्या मागील संरक्षक चौकटीचे व सीटबेल्टचे. स्वीडनमध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट १९५९ मध्येच सक्तीची झाली व पुढे उलटून होणारे मृत्यू तेथे फार घटले. चौकट उभी असेल तर पट्टा बांधावा. चौकट नसेल किंवा मोडती घेतलेली असेल तर पट्टा बांधू नये, कारण त्या स्थितीत माणूस यंत्राखाली जखडला जातो. झाडाच्या फांद्यांना अडते म्हणून चौकट पाडून ठेवण्याची खोड पुष्कळांस असते. फांद्या छाटाव्यात, त्या पुन्हा फुटतात.

ट्रॅक्टर नेण्यापूर्वी बाग पायी मोजणे हे खरे काम आहे. त्यास २ मीटर लांबीची सरळ फळी, पाणसळ आणि टेप एवढेच लागते. फळीचे एक टोक चढाच्या बाजूस जमिनीवर टेकवावे, पाणसळीने फळी समपातळीत आणावी आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजावी. ती सुमारे १८ सेंटिमीटर भरली तर उतार ५ अंश, ३५ भरली तर १० अंश, ५४ भरली तर १५ अंश. फळी जमिनीवर उताराच्या दिशेने सपाट ठेवून तीवर मोबाइल फोनमधील कोनमापक टेकविला तरी चालते. चालत्या ट्रॅक्टरवर मात्र फोनकडे पाहू नये.

जेथे १० अंश भरतील तेथील दगडांस चुन्याचा पांढरा पट्टा व १५ अंशांस लाल पट्टा द्यावा. मजगीच्या काठाशी काठ जितका उंच असेल निदान तितके अंतर सोडून पट्टा आखावा, कारण पावसाने पोसलेला काठ वजनाने ढासळतो. लाल पट्ट्यापलीकडील झाडांना पाठीवरील पंपाने फवारावे व तेथील गवत विळ्याने कापावे. पावसाळा संपल्यावर, गवतकापणीसाठी ट्रॅक्टर बाहेर काढण्यापूर्वी, ही मोजणी दरवर्षी नव्याने करावी व नव्या घळींपाशी पट्टे मागे घ्यावेत.