निवासी शाळेतील विद्यार्थी-नेतृत्वाची जडणघडण

दिवसाच्या शाळेतील विद्यार्थी पाच-सहा तासांनी घरी परततो. निवासी शाळेतील विद्यार्थ्याचे अध्ययन, भोजन, निद्रा, खेळ, आजारपण, भांडण आणि समेट हे सारे मात्र एकाच आवारात घडते. आश्रमशाळा, जवाहर नवोदय विद्यालये, सैनिकी शाळा आणि समाजकल्याण विभागाची वसतिगृहे यांतून राज्यातील लक्षावधी मुलेमुली वर्षाचा बहुतांश काळ अशा रीतीने राहतात. शाळेची शेवटची घंटा झाल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंतचा वेळ हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होय. परंतु त्या वेळेचे वेळापत्रक फळ्यावर क्वचितच लिहिलेले असते.

एका अधीक्षकाने शंभर-दीडशे मुलांकडे चोवीस तास लक्ष पुरविणे ही सोपी गोष्ट नव्हे. साहजिकच थोरली मुले धाकट्यांवर हुकमत चालवू लागतात. पाण्याच्या नळावर प्रथम कोणी जावयाचे, खिडकीजवळची जागा कोणास मिळावयाची, याचे निर्णय कोणीतरी घेतच असते. म्हणजे वसतिगृहात नेतृत्व निर्माण होतेच. ते शिक्षणाच्या हाताने घडावे की दांडगाईच्या, एवढाच निर्णय शाळेने करावयाचा असतो.

दोन परंपरा

निवासी शाळांतील विद्यार्थी-प्रमुखाची प्रथा आपल्याकडे मुख्यतः इंग्लंडमधून आली. रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक थॉमस अर्नोल्ड यांनी १८२८ ते १८४२ या काळात सर्वांत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांवर शिस्तीची जबाबदारी सोपविली आणि त्यांच्या चारित्र्यावर शाळेचा डोलारा उभा केला. या पद्धतीने अनेक कर्तबगार माणसे घडविली. तथापि धाकट्यांनी थोरल्यांची खाजगी कामे करावयाची, ही त्या शाळांतील जुनी रूढीही तिच्यासोबत टिकून राहिली. मुख्याध्यापकांकडून खाली उतरणारा अधिकार सेवेपेक्षा हुकमतीकडे लवकर झुकतो, असा त्या अनुभवाचा बोध आहे.

महाराष्ट्राच्या मातीत वाढलेली परंपरा याहून वेगळी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्यास उत्तेजन दिले. त्याच प्रेरणेने कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र शिजवीत आणि एकाच पंक्तीस जेवीत. दळण, पाणी, स्वयंपाक, शेतीकाम यांत सर्वांचा वाटा असे. पैशाची चणचण भासली, तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने या मुलांसाठी खर्ची घातले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य तेथे भिंतीवर शोभेसाठी नव्हते. सकाळच्या भाकरीशी त्याचा संबंध होता. या बोर्डिंगातून पुढे शिक्षक, प्राचार्य आणि लोकसेवक निघाले. पंक्तीत वाढणारा हात उद्या पंक्तीत बसणार होता आणि बसणारा हात वाढणार होता, हे त्या नेतृत्वशिक्षणाचे सार म्हणता येईल.

कोठीघर ही नेतृत्वाची शाळा

अनेक शाळांत दरवर्षी विद्यार्थी-मंत्रिमंडळ स्थापन होते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री यांचा शपथविधी होतो, छायाचित्रे निघतात आणि पुढे काही महिन्यांनी आरोग्यमंत्र्यास आपले काम काय, हे सांगता येत नाही. पद आहे, पण त्या पदावाचून अडणारे काम नाही, हे त्याचे कारण होय.

भोजन समितीचे उदाहरण घ्यावे. समजा, वसतिगृहात १५० विद्यार्थी आहेत आणि दर विद्यार्थ्यामागे दररोज २०० ग्रॅम तांदूळ धरला आहे. म्हणजे रोज ३० किलो तांदूळ कोठीतून निघावयास हवा. एखाद्या दिवशी १२ विद्यार्थी गावी गेले असतील, तर उरलेल्या १३८ जणांसाठी २७ किलो ६०० ग्रॅम पुरेसा होतो. समितीतील दोन विद्यार्थी रोज हजेरीपट पाहून हा हिशेब मांडतील, अधीक्षकांसमक्ष शिधा मोजून घेतील आणि साठा नोंदवहीशी तो ताडून पाहतील, तर गणिताचा धडा तर होईलच. शिवाय सार्वजनिक वस्तूचा हिशेब द्यावा लागतो आणि मागताही येतो, हेही त्यांच्या अंगी बाणेल. भाजी पातळ झाली म्हणून कुरकुरणारा विद्यार्थी समितीवर आला, की बाजारभाव, स्वयंपाक्याचे कष्ट आणि शिध्याची मर्यादा यांचा विचार करू लागतो. तक्रारीचे रूपांतर सूचनेत होते.

आरोग्य समितीचे काम याहूनही नाजूक आहे. आश्रमशाळेत पहिलीत आलेले सहा-सात वर्षांचे मूल प्रथमच घर सोडून आलेले असते. गडचिरोलीतील मुलाची घरची भाषा गोंडी असेल, मेळघाटातील मुलीची कोरकू, नंदुरबारकडील मुलाची भिली. रात्री पोट दुखू लागले, तर ते प्रमाण मराठीत सांगण्याइतके शब्द त्याच्यापाशी नसतात. अधीक्षकांचे दार ठोठावण्याचे धैर्य तर त्याहून नसते. अशा वेळी त्याच्याच भाषेचा, त्याच खोलीत झोपणारा आठवी-नववीचा विद्यार्थी त्याचा दुभाषी होतो. ताप, जुलाब, सर्पदंश किंवा विंचूदंश यांबाबत विलंब झाल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक खोलीत असा एक सोबती नेमणे आणि ‘रात्री कोणत्याही वेळी मोठ्यांना उठवावे, त्याबद्दल कोणीही रागावणार नाही’ असे त्यास अधीक्षकांनी सर्वांसमक्ष सांगणे अगत्याचे आहे. औषध देणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे. वेळेवर कळविणे हे त्याचे काम आहे.

निवड आणि मुदत

प्रमुखाची निवड शिक्षकांनीच केली, तर तो शिक्षकांचा माणूस ठरतो. केवळ मतदानाने झाली, तर खेळातील तरबेज अथवा बलदंड मुलगा निवडून येण्याचा संभव असतो. यावर मध्यम मार्ग काढता येतो. समित्यांचे सभासद विद्यार्थ्यांनी गुप्त मतदानाने निवडावेत आणि प्रत्येक समितीत सर्वांत धाकट्या वर्गांचा किमान एक प्रतिनिधी असावा. मुदत दोन-तीन महिन्यांपेक्षा अधिक नसावी, म्हणजे वर्षभरात पुष्कळांना संधी मिळते आणि कोणाचीही गादी बनत नाही. मुलामुलींची एकत्र शाळा असल्यास हिशेब व सभेचे अध्यक्षपद मुलींकडे आणि झाडलोट व वाढप मुलांकडेही आवर्जून जावी. घरची कामवाटणी वसतिगृहात तशीच उचलून आणली, तर नेतृत्वाचे शिक्षण अर्ध्यावरच थांबते.

आठवड्यातून एकदा सर्वांची सभा भरावी. मागील निर्णयांचे काय झाले, हे प्रथम वाचून दाखवावे आणि मगच नवे विषय घ्यावेत. जो निर्णय घेता येत नाही, तो का घेता येत नाही, हे अधीक्षकांनी सभेतच सांगावे. मुलांच्या सभेने ठराव करावा आणि तो कपाटात पडून राहावा, यापरते नेतृत्वाचे दुसरे खच्चीकरण नाही.

जेथे थांबावयाचे ती रेषा

विद्यार्थी-नेत्यास काय करता येणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहून लावले पाहिजे. शिक्षा देण्याचा अधिकार त्यास असू नये. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. जे शिक्षकास करता येत नाही, ते शिक्षकाच्या वतीने विद्यार्थ्याकडून करविता येणार नाही, हे उघड आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदाही अस्तित्वात आहे. धाकट्याकडून कपडे धुऊन घेणे, अंग चेपून घेणे, खाऊ हिसकावणे यांस ‘वसतिगृहाची रीत’ म्हणून हसण्यावारी नेता कामा नये.

तसेच लैंगिक अत्याचाराची शंका, मारहाण, घर सोडून पळून जाण्याचा विचार अशा गोष्टी विद्यार्थी-समितीने आपसांत मिटविण्याच्या नाहीत. त्या मोठ्यांपर्यंत पोहोचल्याच पाहिजेत. कित्येकदा तक्रार अधीक्षकांविषयीच असू शकते. म्हणून तक्रारपेटीची किल्ली अधीक्षकांकडे नसावी. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या पालक-मातेच्या समक्ष ती उघडली जावी. १०९८ हा बालमदत क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा आणि दूरध्वनीपर्यंत त्याचा हात विनासायास पोहोचावा. संकटात सापडलेल्या मित्राविषयी बोलणे ही चुगली नव्हे, हा धडा ज्या वसतिगृहात रुजला, तेथे नेतृत्वाचा पाया पक्का झाला असे समजावे.

अधीक्षकांची कसोटी

या साऱ्या रचनेत सर्वांत अवघड काम मोठ्यांचे आहे. चूक होऊ देणे आणि तरीही अपाय होऊ न देणे, ही तारेवरची कसरत त्यांना करावी लागते. पहिल्या महिन्यात हिशेब चुकेल, सभेत गोंगाट होईल, वाढप उशिरा होईल. तेवढ्यावरून समिती मोडून काम आपल्याकडे घेतल्यास मुलांना एकच बोध मिळतो, की त्यांच्यावरील विश्वास हा दिखाऊ होता. त्याऐवजी चूक कोठे झाली, हे त्यांच्याकडूनच शोधून घ्यावे आणि तेच काम पुन्हा त्यांच्याच हाती द्यावे. मुलांचा आवाज ऐकण्याची ही जबाबदारी राष्ट्रीय पातळीवरही स्वीकारली गेली आहे. बालकांस त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देणारा संयुक्त राष्ट्रसंघाचा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये मान्य केला.

आश्रमशाळेतून बाहेर पडणारी मुले उद्या ग्रामसभेत बसतील. तेथे रेशनच्या साठ्याची नोंदवही मागणे, पाणीवाटपाचा क्रम ठरविणे, अल्पमतातील माणसाचे शेवटपर्यंत ऐकून घेणे हीच कामे त्यांच्यापुढे येतील. ज्याने कोठीघरात तांदूळ मोजला, रात्री आजारी सोबत्यासाठी दार ठोठावले आणि मुदत संपताच मुकाट्याने आपली जागा दुसऱ्यास दिली, त्याला ही कामे नवी वाटणार नाहीत.