पुढचे टायर एका बाजूनेच का झिजतात?



ऊस विकास विभागाच्या पानावर गाडीच्या टायरचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण पोखर्णी गटात हल्ली गटसभेला आले की पाराजवळ बोलेरो, स्कॉर्पिओ नाही तर एखादी जुनी सुमो उभी असतेच. घरची माणसे, बेणे, खताच्या गोण्या, दवाखाना, लग्नकार्य, पंढरपूर, सगळे त्याच गाडीतून होते. प्लॉट पाहायला गेलो की उसावरचे बोलणे हळूच टायरवर येते. "साहेब, पुढचे टायर वरीसभरात गेले, मागचे हायेत तसे. टायरच खराब निघाले." टायर खराब निघतात, नाही असे नाही, पण क्वचित. बहुतेक वेळा दोष गाडीत असतो आणि टायर तो आपल्या अंगावर लिहून दाखवीत असतो. ते लिहिलेले वाचायचे कसे, एवढेच आज पाहू.

उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी पाहतो की पिवळेपणा कुठे आहे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. टायरचेही असेच आहे. किती झिजला यापेक्षा कुठे झिजला हे महत्त्वाचे.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला आणि कडा राहिल्या, तर हवा जास्त होती. यात गॅरेजला जाण्याचे कारण नाही. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. पंपावरचा मुलगा सांगेल तो आकडा धरू नये. हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी तपासावी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तापलेल्या रस्त्यावर पंधरावीस किलोमीटर गाडी पळाली की आतली हवा फुगते आणि आकडा चार-पाच पौंड जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवरच उभा.

आता खरा प्रश्न एका कडेच्या झिजेचा. पुढच्या दोन्ही टायरांची एकच कड, म्हणजे दोन्हींची बाहेरची किंवा दोन्हींची आतली, सारखी झिजली असेल तर चाकांची तोंडे चुकली आहेत. दोन्ही चाके पुढून एकमेकांकडे वळलेली असतील तर मेकॅनिक त्याला टो-इन म्हणतो, फाकलेली असतील तर टो-आऊट. टो-इन जास्त झाला की बाहेरच्या कडा जातात, टो-आऊट झाला की आतल्या. डोळ्याला दिसण्याआधी हे हाताला कळते. गाडी बंद करून टायर थंड झाल्यावर तळहात नक्षीवरून आडवा फिरवा. बाहेरून आत जाताना हात गुळगुळीत जातो आणि आतून बाहेर येताना धार लागते, तर टो-इन जास्त. उलट लागले तर टो-आऊट. टायरमधली तार उघडी पडलेली असेल तर मात्र हात लावू नका, चिरेल.

तोंड थोडे चुकले तर एवढे काय बिघडते? हिशेब करून पाहा. समजा टायरचा व्यास ७०० मिलिमीटर आहे आणि चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त ३ मिलिमीटर आत वळली आहे. मग ते चाक दर किलोमीटरला सुमारे ४.३ मीटर आडवे घासले जाते. दहा हजार किलोमीटरला हे ४३ किलोमीटर होते. डांबरी रस्त्यावर ४३ किलोमीटर आडवा ओढलेला टायर कसा राहील?

हे घरी मोजताही येते. सपाट जागी स्टिअरिंग सरळ करून गाडी उभी करा. पुढच्या दोन्ही टायरांच्या मधोमध, मागच्या बाजूस, जमिनीपासून सारख्याच उंचीवर खडूने खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. मग खुणा पुढच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर येईपर्यंत गाडी पुढे ढकला आणि पुन्हा मोजा. पुढचे अंतर कमी भरले तर टो-इन, जास्त भरले तर टो-आऊट. कंपनीने किती ठेवायला सांगितले आहे ते गाडीगणिक वेगळे असते, म्हणून टाय रॉड स्वतः फिरवू नये. पण काही सेंटिमीटरचा फरक निघाला तर मशीनवाल्याकडे जाण्याआधीच आपल्याला रोग कळलेला असतो.

एकाच बाजूच्या टायरची एकच कड गेली असेल तर गोष्ट वेगळी. टो चुकला की त्याचा भार साधारणपणे दोन्ही पुढच्या चाकांवर वाटला जातो. एकच टायर जातो तेव्हा त्या बाजूचे चाक वरून आत किंवा बाहेर कललेले असते. याला कॅम्बर म्हणतात. वरून आत कलले तर आतली कड जाते, बाहेर कलले तर बाहेरची. कारण बहुधा झिजलेला बॉल जॉइंट, फाटलेला बुश, बसलेली स्प्रिंग किंवा वाकलेला आर्म. आपली ऊस ओढणारी टायरगाडी आठवा. तिचे एक चाक कलून टायर एका अंगाने जाऊ लागले की आपण कणा वाकला म्हणतो आणि कणाच पाहतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण टायर बदलून मोकळे होतो.

आपल्या भागात डावा पुढचा टायर जास्त करून या दुखण्याने जातो, असे माझे पाहणे आहे. हंगामात समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की आपण डावे चाक डांबरावरून साईडपट्टीवर उतरवतो आणि तो गेला की पुन्हा वर चढवतो. डांबराची तुटकी कड चार-सहा इंच उंच असते. प्रत्येक खेपेला तो दणका डाव्याच बाजूच्या जॉइंटला बसतो.

गेल्या हंगामात पोखर्णी गटातल्या एका सभासदाच्या गाडीचे असेच झाले. एका वर्षात त्यांनी दोनदा अलाइनमेंट करून घेतले, टायरही बदलला, तरी डाव्या टायरची आतली कड जातच राहिली. मुलाला नागपूरला सोडायचे होते, जालन्याहून समृद्धी धरायची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात गाडी वळवताना चाक पूर्ण वळले आणि आतल्या कडेला तार दिसली. बाहेरून पाहिले तर टायर चांगला, नक्षी ठसठशीत. आतली कड बॉडीखाली लपलेली असते, स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय ती दिसतच नाही. पुढचा भाग जॅकवर उचलून पाहिला तर खालचा बॉल जॉइंट लडबडत होता. जॉइंट ढिला ठेवून अलाइनमेंट केले तर मशीनवर आकडे बरोबर येतात आणि पहिल्याच खड्ड्यात बिघडतात. दोनदा दिलेले पैसे असे गेले. पैशाचे सोडा, हा जॉइंट धावत्या गाडीत निसटला तर चाकच मोडून पडते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाला असे झाले असते तर काय, हे त्या घरच्या बाईंनीच आधी विचारले. निघणे दोन दिवस लांबले.

ही तपासणी अशी करावी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा, पुढचे चाक जमिनीवरून जरा सुटेल इतके उचला. चेसिसखाली भक्कम लाकडी ठोकळा किंवा स्टँड द्या. वीट देऊ नका, वीट फुटते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नका. मग टायर वर आणि खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हलवा. खेळ लागला तर टाय रॉडचे टोक. म्हणजे क्रम असा, की आधी हवा, मग ढिले भाग, आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी. गॅरेजमध्ये हा क्रम उलटा होताना दिसला तर विचारायला संकोच करू नका.

टायर कडेला न झिजता जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजत असेल तर शॉकअप गेलेले असतात किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. आपल्या काळ्या रानाचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला चिकटून सिमेंटासारखा वाळतो आणि मग साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते. आधी रिम आतून खरवडून धुवा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

नवीन तऱ्हेच्या काही गाड्यांना इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर असते. त्यांचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर पण सारखे झिजतात. तो दोष नव्हे. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करावे.

टायर केव्हा काढायचा? नक्षीच्या खाचांत तळाशी लहान आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरले, आणि मोटारींसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. मात्र हे एकाच जागी पाहू नका, आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तिन्ही ठिकाणी पाहा. एक ठिकाण संपले तरी टायर संपला. जोडीला टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडेही पाहून घ्या. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसत असली तरी अंगाला बारीक भेगा पडलेला इतका जुना टायर पुढे चढवू नये. स्टेपनीचे आकडे तर आजच पाहा. बहुतेकांची स्टेपनी गाडी घेतली त्या सालचीच निघेल, आणि तिच्यात हवा आहे की नाही तेही कळेल.