एका ताटांत तीन पथ्यें

मध्यरात्रीं पायाच्या अंगठ्यांत अकस्मात् ठणका सुरू व्हावा, सांधा लाल होऊन सुजावा, व पांघरुणाचा स्पर्शहि सोसूं नये, अशी ज्याची बहुधा पहिली ओळख होते, तें दुखणें म्हणजे गाउट होय. याच्याशीं जुळणारा विकार आयुर्वेदांत वातरक्त या नांवानें वर्णिला असून चरकसंहितेंत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. गाउटच्या रोग्यास पथ्य हवें, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्यालाच मधुमेह व रक्तदाबहि असेल, तर ताट कसें वाढावें, याचा विचार थोड्याच घरीं होतो.

प्रथम कारण पाहूं. आपल्या शरीरांतील पेशींत व अनेक अन्नपदार्थांत प्यूरीन नांवाचें द्रव्य असतें. त्यापासून यूरिक ॲसिड तयार होतें, व त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग मूत्रपिंडांवाटें बाहेर पडतो. तें रक्तांत फार सांचलें, म्हणजे त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत जमतात, आणि त्यांमुळें दाह होतो. अशा रोग्यांच्या रक्तांत यूरिक ॲसिड वाढलेलें असतें, हें इंग्रज वैद्य गॅरड यांनीं १८४८ सालीं दाखविलें.

आतां आमच्याच घरची गोष्ट सांगतों. वडिलांस मधुमेह व रक्तदाब पूर्वींपासून होते. त्यांत गाउटची भर पडली. आम्हीं उत्साहानें मांसाबरोबर वरणहि बंद केलें. त्याची जागा भातानें भरली. फळें चांगलीं, म्हणून रोज दोन पेले गोड रस देऊं लागलों. वर उपवास करविले. लवकरच रक्तांतील साखर वाढली, व एका उपवासाच्या दुसऱ्या दिवशीं अंगठा पुन्हां सुजला. आमचें प्रेम खरें होतें; ज्ञान मात्र अर्धें होतें.

डॉक्टरांनीं आमची चूक समजाविली. फळांच्या रसांतील व साखरेच्या पेयांतील फ्रुक्टोज यूरिक ॲसिड वाढवितें, आणि अशा पेयांनीं मधुमेहहि बळावतो. बेताचें अख्खें फळ बरें. उपवासानें उत्पन्न होणारीं कीटोन द्रव्यें यूरिक ॲसिड बाहेर पडूं देत नाहींत. शिवाय मधुमेहाचें औषध घेणाऱ्याची साखर एकाएकीं उतरण्याचें भय असतें. वरणाचा दोष तर नव्हताच. अमेरिकेंत सुमारें ४७,००० पुरुषांची बारा वर्षें पाहणी झाली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षाप्रमाणें मांस व मासळी यांनीं गाउटचा संभव वाढतो, परंतु डाळी, पालक, फुलकोबी यांनीं वाढत नाहीं, आणि साय काढलेल्या दूधदुभत्यानें तो कमी होतो. टाळावयाचें तें कलेजी, गुरदा, तारली यांसारखे पदार्थ व मद्य, विशेषतः बिअर. रक्तदाबासाठीं लोणचें व पापड यांसहि आवर घालावा.

मूत्रपिंडें दुर्बळ असतील, तर हिशेब आणखी बदलतो. एरवीं हितकारक असलेलें भरपूर पाणी, शहाळें, किंवा डाळीचें प्रमाणहि अशा वेळीं डॉक्टरांनीं ठरवून द्यावें लागतें. रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या कांहीं गोळ्यांनीं यूरिक ॲसिड वाढतें खरें. तथापि त्या आपल्या मनानें बंद करणें अत्यंत धोक्याचें आहे.

हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, केवळ आहारानें यूरिक ॲसिड थोडेंच उतरतें. औषध चालू असतां तें दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खालीं ठेवण्याचा प्रयत्न करितात. म्हणून पथ्य हें औषधाचें सोबती आहे, त्याचा पर्याय नव्हे.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या घरीं असे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांचे सर्व विकार व सर्व औषधें एकाच कागदावर लिहून काढा, आणि पुढच्या खेपेस तो कागद डॉक्टरांपुढें ठेवा. विकार तीन असले, तरी माणूस एकच व ताटहि एकच, हें आम्ही उशिरां शिकलों. आपण वेळींच शिकावें, हीच इच्छा.