सडांचा क्रम आणि दुर्बलांचा वाटा

ज्या प्राण्याचे नाव आपल्याकडे तुच्छतेने घेतले जाते, त्या डुकराकडेही अभ्यासकाच्या स्वच्छ दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

डुकरिणीला साधारणतः बारा ते सोळा सड असतात. गाईप्रमाणे तिच्या कासेत दूध साठून राहत नाही. सुमारे तासातासाने ती पान्हा सोडते आणि धार जेमतेम वीस सेकंद टिकते. तिच्या घुरघुरण्याची लय वाढली, की पिल्ले सावध होतात. त्या वेळी जागेसाठी भांडत बसणारे पिल्लू उपाशी राहते. म्हणूनच जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत प्रत्येकाचा सड ठरतो आणि दूध तुटेपर्यंत तो बहुधा बदलत नाही. या सडक्रमावर मॅकब्राइड यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला.

हा क्रम पुढे शांतता राखतो. परंतु तो ठरतो झटापटीने. पिल्ले जन्मतःच सुईसारखे आठ दात घेऊन येतात. कॅनडातील फ्रेझर व थॉम्पसन यांनी १९९१ साली दाखवून दिले, की दात कापलेल्या पिल्लांपेक्षा दात शाबूत असलेल्या भावंडांचे वजन अधिक वाढते; मोठ्या वेतात हा फरक विशेष जाणवतो.

दुर्बलाची हानी दुहेरी असते. पिल्लांना गर्भात आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती पहिल्या दिवसाच्या चिकातूनच मिळवावी लागतात. त्यातच, न लुचलेला सड काही दिवसांत आटतो.

'हा निसर्गनियमच' असे म्हणून जाणता पालक स्वस्थ बसत नाही. पोट भरलेल्या धष्टपुष्ट पिल्लांना तो काही काळ उबेत वेगळे ठेवतो आणि दुबळ्यांना चीक पिऊ देतो. सडांपेक्षा पिल्ले अधिक असल्यास पहिल्या एक-दोन दिवसांतच काहींना तो दुसऱ्या डुकरिणीकडे देतो; उशीर झाल्यास तेथेही झुंज पेटते.

क्रमाने भांडण मिटते, न्याय मात्र आपोआप होत नाही. मानवी समाजातील श्रेणीबद्ध विषमताही निसर्गाच्या नावाने मिरवली गेली. बाबासाहेबांनी ती नाकारली. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाचे पहिले दिवसही असेच मोलाचे असतात. पंगतीत मागे राहणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाच्या ताटाकडे त्याच दिवसांत लक्ष जावे. करुणेला वेळेचे भान हवे, हाच या अभ्यासाचा बोध आम्ही घेतो.