व्यवसाय प्रक्रियेचे मॉडेल : आवश्यक घटक (ऊसतोडीपासून बिलापर्यंतच्या उदाहरणासह)



आजच्या पाठात आपण व्यवसाय प्रक्रियेचे मॉडेल करताना कोणते घटक असावेच लागतात ते पाहणार आहोत. व्याख्या पाठ करायची असेल तर एवढी पुरे : एखादे ठरावीक फलित मिळवण्यासाठी, ठरावीक क्रमाने, वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या कामांची साखळी म्हणजे प्रक्रिया, आणि ती साखळी चिन्हांच्या साहाय्याने कागदावर मांडणे म्हणजे तिचे मॉडेल. परीक्षेत याला दोन गुण मिळतील. मॉडेल काढता येणे मात्र वेगळी गोष्ट आहे.

प्रकल्पासाठी एका विद्यार्थ्याने साखर कारखान्याची ऊस खरेदी प्रक्रिया निवडली होती. पाच चौकोन काढून आणले : नोंद, तोड, वाहतूक, गाळप, बिल. मध्ये चार बाण. चित्र सुबक होते. मी विचारले, “तुमचाही ऊस जातो ना रे कारखान्याला? यंदा कसा गेला?” तो म्हणाला, “सर, गाडी काट्याच्या अलीकडं दोन रात्री उभी होती. पण ती चौकोनात कुठं काढायची, तेच कळंना.”

मित्रांनो, आजचा पाठ याच प्रश्नाचा आहे. त्या दोन रात्री ज्या चित्रात मावत नाहीत, त्या चित्राचा त्याच्या वडिलांना काय उपयोग?

सुरुवात कुठे, शेवट कुठे

आज जगभर वापरली जाणारी चिन्हपद्धती म्हणजे बीपीएमएन. तिची दुसरी आवृत्ती २०११ साली आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओची मान्यता मिळाली. या पद्धतीत सुरुवात दाखवायला बारीक रेघेचे वर्तुळ आणि शेवट दाखवायला जाड रेघेचे वर्तुळ काढतात. याला ‘घटना’ म्हणतात. घटना म्हणजे काम नव्हे. जे घडल्यामुळे काम सुरू होते किंवा संपते, ते.

आता उसाचे बघा. लागणीची नोंद हंगामाच्या कितीतरी आधी होते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर तो दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा असतो. म्हणून ‘नोंद’ ही या प्रक्रियेची सुरुवात धरली तर चित्र फार पसरते. त्यापेक्षा नोंदणीची वेगळी प्रक्रिया करा, आणि आपली प्रक्रिया ‘पाळी पत्रकाप्रमाणे प्लॉटची तोडीची पाळी आली’ या घटनेपासून सुरू करा. एक दुसरी सुरुवातही असू शकते : ऊस पेटला. जळीत ऊस पाळीची वाट बघत नाही, त्याची तोड ताबडतोब लावावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी बिलात कपातही होते. म्हणजे दोन सुरुवाती, दोन वाटा.

शेवटाचे तर याहून महत्त्वाचे. बहुतेक मुले प्रक्रिया गाळपाशी संपवतात. कारखान्याच्या उत्पादन विभागाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण शेतकऱ्याची प्रक्रिया संपते खात्यावर पैसे जमा झाल्यावर. शेवटचे वर्तुळ कुठे काढले यावरून मॉडेल कुणाच्या बाजूने काढले आहे ते लगेच कळते.

काम आणि ते करणारा माणूस

काम दाखवायला गोलसर कोपऱ्यांचा चौकोन. त्यात नुसते नाम लिहू नका, क्रियापद लिहा. ‘वजन’ असे लिहिले की कोणते वजन ते कळत नाही. ‘भरलेल्या गाडीचे वजन घेणे’ आणि ‘रिकाम्या गाडीचे वजन घेणे’ ही दोन वेगळी कामे आहेत, आणि निव्वळ टन त्या दोघांच्या वजाबाकीतून निघतात. समजा, भरलेली गाडी २८.६४० टन आणि रिकामी ८.६४० टन, ऊस झाला २० टन. रिकाम्या वजनाचा चौकोन विसरलात तर बिलाचा पायाच चित्रात नाही.

काम कोणी करायचे, हे दाखवण्यासाठी पानावर आडवे पट्टे आखतात; पोहण्याच्या तलावात असतात तसे. इथे एक बारीक नियम आहे आणि तो मुले हमखास चुकतात. एका संस्थेचा एक तलाव, आणि त्या संस्थेतल्या विभागांचे पट्टे तलावाच्या आत. कारखाना हा एक तलाव. त्यात शेती विभाग, वजनकाटा, हिशेब विभाग असे पट्टे. शेतकरी हा वेगळा तलाव. आणि मुकादम व त्याची टोळी? हाही वेगळाच. टोळी बहुधा वाहतूकदाराकडून उचल घेऊन करारावर आलेली असते, कारखान्याच्या हजेरीपटावरची नसते. त्यामुळे शेती विभागाच्या चौकोनातून टोळीच्या चौकोनात सरळ अखंड बाण ओढता येत नाही. दोन तलावांमध्ये फक्त निरोप जातो, आणि तो तुटक रेघेने दाखवतात.

हे काही चित्रकलेचे नखरे नव्हेत. अखंड बाणाचा अर्थ ‘हे झाले की ते होणारच’. तुटक रेघेचा अर्थ ‘आम्ही कळवले, आता समोरच्याच्या हातात’. चिटबॉयने तोडीची चिठ्ठी दिली म्हणून उद्या टोळी फडात येईलच असे नाही, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. मॉडेललाही ते माहीत असले पाहिजे.

निर्णयाचा डायमंड

निर्णय किंवा वाट फुटण्याची जागा दाखवायला पत्त्यातल्या चौकटसारखा आकार काढतात. नुसता आकार काढून भागत नाही. आत किंवा वर प्रश्न हवा, प्रत्येक वाटेवर उत्तर हवे, आणि उत्तर कोणत्या नियमाने ठरते ते कुठेतरी लिहिलेले हवे. ‘ऊस पक्व आहे का?’ हा प्रश्न. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा ब्रिक्स बघून उत्तर देता येते. नुसता लागणीच्या तारखेचा क्रम लावूनही देता येते. किंवा कुणाची ओळख आहे हे बघूनही दिले जाते. तिन्ही वेळा डायमंड एकच दिसतो! म्हणून नियम लिहायचा.

दुसरा प्रकार अधिक चिन्हाच्या डायमंडचा. इथे वाट निवडायची नसते, दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होतात. काट्यावर नेमके हेच होते. वजन झाल्यावर ऊस गव्हाणीकडे जातो आणि वजनाची पावती हिशेबाकडे. इथून पुढे वस्तू आणि माहिती यांचे रस्ते वेगळे. पावतीवर शेतकऱ्याचा क्रमांक, प्लॉट, उसाची जात (को ८६०३२ वगैरे), वाहन आणि निव्वळ वजन असते. पानाचा कोपरा दुमडल्यासारखे जे चिन्ह असते ते या कागदांसाठी. कोणते काम कोणता कागद तयार करते आणि कोणते काम तो वापरते, हे ठिपक्यांच्या रेघेने जोडा.

वेळ, आणि वाट बघणे

आता आपल्या विद्यार्थ्याच्या त्या दोन रात्रींकडे येऊ.

प्रक्रिया चित्रात मांडायची कल्पना जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया तक्त्यांवर निबंध मांडला होता. पुढे त्याच संस्थेने १९४७ मध्ये पाच चिन्हे प्रमाण केली : काम, वाहतूक, तपासणी, विलंब आणि साठवण. विलंबाला स्वतंत्र चिन्ह होते, हे लक्षात घ्या. बीपीएमएनमध्ये वाट बघणे दुहेरी वर्तुळाने दाखवतात, म्हणजे मध्येच घडणारी घटना : ‘काट्यासाठी नंबर आला’. ती घडेपर्यंत प्रक्रिया तिथेच उभी. मुले हे वर्तुळ गाळतात, कारण तिथे कुणी काही करत नसते. पण ऊस काहीच करत नाही असे नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, शिवाय त्यातली साखर मोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज व्हायला लागते आणि उतारा पडतो. म्हणून तोडल्यापासून २४ तासांत ऊस गाळपाला जावा असे सांगतात.

आता काट्याची जागा बघा. गाडी काट्याच्या अलीकडे थांबली तर वजनातली घट शेतकऱ्याची. काट्याच्या पलीकडे, म्हणजे वजन होऊन गव्हाणीपुढे थांबली, तर ती घट कारखान्याची. ऊस तोच, ऊन तेच, दोन रात्रीही त्याच. फक्त वाट बघण्याचे वर्तुळ वजनाच्या चौकोनाच्या आधी आहे की नंतर, एवढ्यावर कुणाचे पैसे जाणार ते ठरते. त्या पाच चौकोनांच्या चित्रात वजनाचा चौकोनच नव्हता, मग हे दिसणार कुठून?

दुसरे वर्तुळ घड्याळाचे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, लेखी करारात वेगळे ठरले नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर उशिराच्या काळासाठी वर्षाला १५ टक्के व्याज. २०२४-२५ च्या हंगामात एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होती, म्हणजे टनाला ३,४००. आपल्या २० टनांचे ६८,००० झाले. तोडणी-वाहतूक टनाला ८०० रुपये धरली तर १६,००० वजा जाऊन ५२,००० हातात. त्यावर १५ टक्क्यांनी दिवसाला सुमारे २१ रुपये, महिनाभर उशीर झाला तर साधारण ६४० रुपये व्याज.

‘बिल देणे’ या चौकोनाच्या काठावर घड्याळाचे वर्तुळ काढा आणि त्यातून एक वाट बाहेर न्या : ‘१४ दिवस उलटले → व्याजाची आकारणी करणे’. आता सांगा, हा चौकोन कोणाच्या पट्ट्यात पडतो? वर्गात विचारले तेव्हा शांतता पसरली. कायद्यात व्याज आहे, पण ते मोजायचे काम कुणाच्या पट्ट्यातच नसेल तर ते आपोआप मोजले जात नाही. मागणारा मागतो, बाकीचे गप्प बसतात.

काठावरच्या अशा आणखी घटना असतात : पावसाने फडात वाफसा नाही, गाडी रुतली, मिल बंद पडली. प्रत्येकाची वाट काढत बसलात तर चित्राची जाळी होईल. ज्यामुळे पैसा किंवा माल अडकतो तेवढेच अपवाद घ्या.

आहे तशी की हवी तशी?

मॉडेल दोन प्रकारचे : प्रक्रिया जशी आहे तशी, आणि जशी हवी तशी. आधी पहिले काढायचे. त्यासाठी ऑफिसातली माहितीपुस्तिका पुरत नाही. फडात, गाडीतळावर आणि काट्यावर जाऊन उभे राहावे लागते. त्याच विद्यार्थ्याने नंतर मला विचारले, “सर, टोळीची खुशाली आणि ड्रायव्हरची एंट्री काढायची का? ती कुठल्याच कागदावर नसते.” खुशाली म्हणजे तोडीसाठी वरून द्यावे लागणारे पैसे, एंट्री म्हणजे गाडीच्या खेपेमागे चालकाला द्यायचे पैसे. माझे मत स्पष्ट आहे : ‘आहे तशी’ मध्ये काढायचीच. शेतकऱ्याच्या तलावात ‘रोख देणे’ असा चौकोन, आणि त्याच्यापुढे कागदाचे चिन्ह नाही. ती मोकळी जागाच बरेच सांगते. ‘हवी तशी’ मध्ये तो चौकोन ठेवायचा नसेल, तर तो कशामुळे तयार झाला ते आधी शोधा. टोळ्या कमी, पाळी लांबलेली, शेत रब्बीसाठी मोकळे करायची घाई... चौकोन नुसता खोडून ही कारणे जात नाहीत.

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्यांदा आणलेले चित्र पानात मावले नाही, दोन पाने चिकटवली होती. चार तलाव, तीन डायमंड, आणि काट्याच्या अलीकडे एक दुहेरी वर्तुळ. त्याच्याखाली पेन्सिलने लिहिले होते : ‘४१ तास’.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील दूध संकलन केंद्राची प्रक्रिया ‘आहे तशी’ काढा. फॅट तपासण्याचा चौकोन आणि दूध एकत्र ओतण्याचा चौकोन यांतला आधी कोणता येतो? क्रम उलटा केला तर तोटा कोणाचा?

२. वरच्या उसाच्या प्रक्रियेत व्याज आकारणीचा चौकोन तुम्ही कोणत्या पट्ट्यात ठेवाल? त्या पट्ट्यातल्या माणसाला १४ दिवस उलटल्याचे कोणत्या कागदावरून कळेल?

३. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा : ऊस, दूध, भाजी, कापूस, काहीही विकताना सर्वात जास्त वेळ कुठे थांबावे लागते? उत्तर तासांत लिहून आणा.