बहरीनमधल्या सर्व्हेअरने स्वतःवर किती खर्च करावा?

बहरीनमध्ये सर्व्हेअरला पहिली नोकरी बहुतेक वेळा हाताच्या सफाईवर मिळते. टोटल स्टेशन लावता येते, लेव्हलचे बुक जुळते, आखणी चुकत नाही, एवढे पुरते. दुसरी नोकरी, वरचा हुद्दा आणि वाढीव पगार यांच्या वेळी मात्र कागद पुढे येतात: प्रमाणपत्र कुठले, त्यावर शिक्का आहे का, कुठल्या संस्थेचे सभासद आहात, गेल्या पाच वर्षांत नवीन काय शिकलात. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड किंवा सिव्हिलचा डिप्लोमा करून आलेली मराठी मुले इथे नेमकी अडतात, आणि मग घाईघाईत नको तिथे पैसे ओततात.

आमचा सल्ला पहिल्यांदाच सांगून टाकतो. पैसे आधी कागदपत्रांवर घाला, मग शिक्षणावर आणि सगळ्यात शेवटी नावापुढच्या परदेशी अक्षरांवर. क्रम असा का, आणि त्या त्या टप्प्यावर खिशातून किती जाते, ते पाहू.

हिशेबाचे चलन

बहरीनचा दिनार डॉलरला बांधलेला आहे: ३७६ फिल्स म्हणजे एक डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर एक दिनार साधारण २४० रुपयांचा. पौंड अर्ध्या दिनाराच्या आसपास असतो. पुढचे सगळे आकडे याच हिशेबाने आहेत. भाव हलला की तुम्हीही हलवून घ्या. मनामातल्या कुठल्याही क्लासचे कोटेशन हातात आले की १० टक्के व्हॅट त्यात धरलाय की वर लागणार, ते आधी विचारा. २०२२च्या जानेवारीपासून व्हॅट ५ टक्क्यांवरून १० झाला आहे. १०० दिनारचा कोर्स ११० ला पडतो, तो इथेच.

पहिला खर्च: प्रमाणपत्रावरचा शिक्का

भारत आणि बहरीन दोघेही अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. बहरीन त्यात २०१३च्या अखेरीस आले. त्यामुळे डिप्लोमा किंवा पदवीवर आधी राज्य पातळीचे प्रमाणीकरण आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल झाले, की करारानुसार दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची गरज राहत नाही. अपोस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, म्हणजे जेमतेम २१० फिल्स. त्यावर अधिकृत संकलन केंद्राचा किरकोळ सेवाखर्च येतो. मंत्रालयाचे शाखा सचिवालय मुंबईतही आहे आणि ई-सनद या ऑनलाइन सोयीतूनही काही कागदांचे काम होते.

एजंट याच कामाचे हजारो रुपये घेतो. त्यातला मोठा भाग धावपळीचा असतो. तुम्ही बहरीनमध्ये आणि कागद सांगलीत असेल, तर ती धावपळ विकत घेणे समजण्यासारखे आहे. पण सरकारी शुल्क किती, आपली मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून द्यायला सांगा. ‘एम्बसी अटेस्टेशन’चे निराळे पैसे मागितले तर कंपनीची किंवा कार्यालयाची तशी लेखी मागणी दाखवा म्हणावे. सुट्टीवर गावी गेलात की हे काम पहिल्या आठवड्यात लावा. शेवटच्या आठवड्यात लावलेले काम एजंटाच्या भावाने करून घ्यावे लागते.

परवाना कोणाला लागतो?

इथे गोंधळ होतो. बहरीनमध्ये भूखंडाच्या हद्दीची अधिकृत मोजणी आणि मालकीची नोंद सर्व्हे अँड लँड रजिस्ट्रेशन ब्यूरोच्या अखत्यारीत येते. आपल्याकडे भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक जे काम करतो, ते इथे खासगी कंपनीतल्या सर्व्हेअरचे नाही. त्याच्या वाट्याला येते ते बांधकामाचे: आखणी, लेव्हल, मातीकामाचे परिमाण, झालेल्या कामाचे नकाशे. बेटाचे क्षेत्र आठशे चौरस किलोमीटरच्याही आत आहे, पण समुद्रात भराव घालून ते वाढवणे चालूच असल्यामुळे या कामाला तोटा नाही.

अभियांत्रिकी व्यवसायावर २०१४च्या ५१ क्रमांकाच्या कायद्याने नियंत्रण आहे, आणि परवाने देणारी स्वतंत्र परिषद आहे. साइट सर्व्हेअर म्हणून पगारी नोकरी करणे आणि अभियंता म्हणून स्वतःच्या सहीने काम देणे, यांत मोठा फरक आहे. तुमच्या सीपीआर कार्डावर आणि वर्क परमिटवर हुद्दा काय लिहिलाय ते आधी पाहा. कंपनी तुम्हाला ‘सर्व्हे इंजिनिअर’ म्हणवत असेल आणि परमिटवर दुसरेच असेल, तर पैसे भरण्यापूर्वी परिषदेकडे विचारा. परवान्याचे शुल्क परिषदेच्या अधिकृत पावतीवरच भरा, मध्यस्थाच्या हाती रोख देऊ नका. आणि कंपनीला तुमच्या परवान्याची गरज असेल, तर ते शुल्क कंपनीने भरावे, हे करारातच लिहून घ्या.

सभासदत्व: वर्गणी कोणती परवडते?

सर्व्हेअरची बाजू मांडायला संघटना हवी, हे खरे. परवाना देणारी परिषद नियमन करते. तुमची वकिली करणे हे तिचे काम नाही. ते काम व्यावसायिक संस्थांचे. चार नावे ध्यानात ठेवा.

बहरीन सोसायटी ऑफ इंजिनिअर्स ही १९७२ पासूनची स्थानिक संस्था. तिच्याकडे प्रशिक्षणाचीही सोय आहे. परदेशी सर्व्हेअरला कोणत्या वर्गात घेतील, हे आपली पदवी दाखवून आधी विचारा. सभासद होता आले नाही, तरी प्रशिक्षणाचे वर्ग विचारून ठेवावेत.

इन्स्टिट्यूशन ऑफ सर्व्हेअर्स ही भारतातली संस्था १९५० ची, मुख्यालय दिल्लीला. वर्गणी रुपयांत असल्याने दिनारात कमावणाऱ्याला हलकी पडते. ज्याच्याकडे पदवी नाही, त्याने या संस्थेच्या परीक्षांची चौकशी जरूर करावी.

आरआयसीएस ही लंडनची १८६८ ची संस्था. आखातातल्या मोठ्या कन्सल्टंटकडे तिच्या अक्षरांना वजन आहे. पूर्ण सभासदाची वार्षिक वर्गणी शेकडो पौंडांत जाते, आणि त्याआधी मूल्यमापनाचे शुल्क वेगळे. शिवाय शिकत राहण्याची अट आहे: वर्षाला २० तास, त्यातले निदान १० औपचारिक, आणि दर तीन वर्षांनी नीतिनियमांचा पाठ, असा तिचा अनेक वर्षांचा शिरस्ता. नोंद ठेवली नाही तर दंड होतो, वारंवार चुकले तर सभासदत्व जाते.

सीआयसीईएस ही बांधकाम-सर्व्हेअरांची ब्रिटिश संस्था, २००९ ची राजसनद असलेली. बहरीनमध्ये दिवसभर आखणीच करणाऱ्याला ती कामाच्या दृष्टीने जास्त जवळची आहे.

वर्गणी भरून वर्षभर काहीच वापरायचे नसेल, तर भरू नका. ३०० पौंड म्हणजे साधारण १५० दिनार. तीनशे दिनार पगारात तो अर्ध्या महिन्याचा पगार झाला. असे सभासदत्व कंपनीने भरावे, किंवा पुढच्या नोकरीच्या जाहिरातीत ते स्पष्ट मागितलेले असावे, तरच घ्या.

फुकट काय मिळते?

पुष्कळ. फिग ही सर्व्हेअरांची जागतिक महासंघटना १८७८ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. तिची प्रकाशने फुकट उतरवून घेता येतात. निरंतर शिक्षणावर तिने १९९६ मध्येच स्वतंत्र पुस्तिका काढली होती. आरआयसीएसची जमीन व इमारतींच्या मोजणीची मार्गदर्शिका सभासद नसलेल्यालाही वाचता येते. ती वाचणे हीच स्वतःची वकिली आहे: कोणत्या कामाला किती अचूकता लागते, हे त्यात ठरवून दिलेले असते. कन्सल्टंट कारण नसताना मिलिमीटर मागू लागला, की आवाज चढवण्यापेक्षा त्या पानावर बोट ठेवलेले बरे.

देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे इस्रोचीच, ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते आणि प्रमाणपत्र देते. एनपीटीईएलवर आयआयटी रुरकीचे सर्व्हेचे कोर्स फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवे तर परीक्षेचे १००० रुपये, म्हणजे सव्वाचार दिनारच्या आत. अडचण एकच: परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्यामुळे परीक्षेची तारीख पाहून मगच वार्षिक रजा टाका. उलटे केलेत, तर विमानाचे तिकीट परीक्षेच्या कितीतरी पट महाग पडेल. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअरही मोफत, त्याची शिकवणीही मोफत.

पैसे लागतात ते इथे

सिव्हिल थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना दोन हजार डॉलरच्या वर, म्हणजे साडेसातशे दिनारहून जास्त. तो स्वतः घ्यायचा विचारही करू नका. कंपनीच्या संगणकावर शिका. चोरीची प्रत लॅपटॉपवर ठेवून त्यातून कामाचे नकाशे देणे म्हणजे स्वतःची आणि कंपनीची मान अडकवणे.

ड्रोनचा कोर्स भारतात पाच-सात दिवसांचा, खर्च साधारण अर्ध्या लाखाच्या घरात, म्हणजे दोनशे दिनारांवर. भारतात मिळालेल्या रिमोट पायलट प्रमाणपत्राने बहरीनमध्ये उडवण्याची परवानगी मिळत नाही; तिथे नागरी विमान वाहतूक खात्याची संमती लागते. ती घेतल्याशिवाय बॅगेतून ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच जप्त होईल. कंपनीकडे ड्रोनचे काम आणि परवानगी दोन्ही असतील, तरच हा खर्च करा.

भरावाच्या कामात पुढे जायचे असेल, तर पाण्याखालच्या मोजणीचे शिक्षण दीर्घकाळ उपयोगी. त्यासाठी दूर जायला नको: गोव्यात वास्कोला नौदलाची राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्था आहे आणि तिचे अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहेत. प्रवेश बहुतांशी पुरस्कृत उमेदवारांना मिळतो, म्हणून तो कंपनीशी बोलून साधायचा मार्ग आहे.

‘तमकीन’ या बहरीनच्या श्रमनिधीतून व्यावसायिक प्रमाणपत्रांना जे साहाय्य मिळते ते बहरीनी नागरिकांसाठी. ‘तमकीनकडून अर्धे पैसे परत मिळतील’ असे कुणी परदेशी कामगाराला सांगत असेल, तर त्या क्लासची पायरी चढू नका.

एका वर्षाचे अंदाजपत्रक

पगार ३०० दिनार धरू. वर्षाचे ३,६००, त्याचे ३ टक्के म्हणजे १०८ दिनार, महिन्याला ९. पुढचे आकडे बाजारभाव नाहीत, स्वतःवर घालायची मर्यादा आहे.

• एनपीटीईएलच्या दोन परीक्षा: साडेआठ दिनार
• एखादा छोटा प्रत्यक्ष वर्ग, इथे किंवा रजेत गावी: ५० पर्यंत
• भारतीय संस्थेची वर्गणी: २५ पर्यंत
• पुस्तके, छपाई, जास्तीचा डेटा: १५
• कागदपत्रांसाठी राखीव: उरलेले साडेनऊ

वेळेचे अंदाजपत्रकही हवे. उन्हाळ्यात बहरीनमध्ये दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला बंदी असते. २०२५ पासून ती १५ जून ते १५ सप्टेंबर अशी तीन महिने आहे. साइट पहाटे सुरू होते आणि दुपार मोकळी मिळते. त्यातून आठवड्याला दोन तास काढले, तरी तीन महिन्यांत वीसहून जास्त तास होतात. आरआयसीएसची वर्षाची अट एवढीच आहे.

नोंद कशी ठेवायची

प्रमाणपत्र नसलेले शिक्षणही मोजले जाते, पण लिहिले तरच. साधी वही पुरते. एक नमुना: ‘२ तास. विषय: ऐन अल अब्द १९७० आणि डब्ल्यूजीएस ८४ यांतले रूपांतर. काय शिकलो: एकाच खुंटीचे आकडे दोन पद्धतींत मीटरांनी वेगळे येतात, नकाशाच्या कोपऱ्यातली पद्धत वाचल्याशिवाय जीपीएस सुरू करायचा नाही. कुठे वापरले: गटारवाहिनीच्या आखणीत, ज्ञात बिंदूवर तपासून.’ अशा नोंदींची वही मुलाखतीत चकचकीत सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते.

त्याच्या जोडीला उपकरणाच्या कॅलिब्रेशनची प्रत आणि आखणीच्या कागदावर फोरमनची सही घ्यायची सवय ठेवा. भिंत वाकडी आली की पहिले बोट सर्व्हेअरकडे जाते. त्या वेळी संघटना दूर असते, सही केलेला कागद जवळ असतो.

एकत्र येण्याचा खर्च

भारतात १० एप्रिल हा राष्ट्रीय सर्वेक्षण दिन. १८०२ मध्ये त्या तारखेला त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात झाली. बहरीनमधली मराठी मंडळी महाराष्ट्र कल्चरल सोसायटीच्या गणेशोत्सवात भेटतातच. त्या ओळखींतून दहा सर्व्हेअर जमले आणि १० एप्रिलच्या आगेमागे एका शुक्रवारी एकाने दोन तास काही शिकवले, तर खर्च चहाचा. हुद्दा, पगार, ओव्हरटाइम यांची खरी माहितीही अशाच बैठकीत मिळते. तुम्ही कामाला लागून वर्ष झाले असेल, तर पुढची बैठक तुम्हीच बोलवा.